खाद्याची गाडी

“लशीचाच विषाणू निघेल गं, चिमे. आत्ताच तर कोंबड्यांना लस दिलीय,” दादा प्रयोगशाळेच्या काचेपलीकडून पुन्हा म्हणाला.

इथल्या सगळ्या तपासण्या चिमीच करायची, पण दादापुढे ती अजून शेंबडी धाकटी बहीणच होती.

लशीतला विषाणू आणि कोंबड्यांचा जीव घेणारा विषाणू दिसायला सख्खे भाऊ. फरक जनुकातल्या मोजक्या अक्षरांचा. ती अक्षरं पडद्यावर उमटली आणि तिने ती पुन्हा एकदा वाचली.

“जीवघेणाच आहे, दादा.”

म्हणजे दादाच्या सगळ्या शेडमधल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागणार. एवढा धिप्पाड दादा मटकन बाकावर बसला. चिमीने बाहेर येऊन त्याला पाणी दिलं. त्याच्याकडे बघवत नव्हतं. रविवारीच ती कामावरून परस्पर त्याच्याकडे जेवायला गेली होती. “तू काय पाहुणी आहेस?” म्हणत त्याने तिला हाताला धरून थेट शेडमध्ये नेलं होतं, एक पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवलं होतं. आता तेही जाणार.

“त्या खाद्याच्या गाडीवाल्यानेच आणला,” दादा म्हणाला. “गावभर उंडारतो आणि चाकं न धुता माझ्याकडे घुसतो. काल दिल्या कानाखाली दोन. आता त्याला कामावरूनच काढायला लावतो. तू फक्त लेखी दे.”

“हात कशाला उचललास? बायकापोरांचा माणूस आहे तो.”

“मग दुसरं कोण? माझ्याकडे औषधाच्या पाण्यात बूट बुडवल्याशिवाय पाहुणासुद्धा आत येत नाही!”

चिमी आत गेली. लेखी द्यायचं तर खात्री हवी. हा विषाणू आधी कुठे सापडलाय का, हे तिने पडद्यावर ताडून पाहिलं. एका ठिकाणी अक्षरन्‌अक्षर जुळलं. टेकडीपलीकडची पोल्ट्री.

ती पोल्ट्री आपलं खाद्य स्वतःच दळायची. बाहेरची गाडी तिथे कधी जातच नव्हती. रविवारी सकाळी, मेलेल्या कोंबड्यांचे नमुने घ्यायला, बाहेरचं एकच माणूस तिथे गेलं होतं.

“जुळलं का गं?” दादाने काचेवर बोट वाजवलं. “त्यानेच आणला ना?”

चिमीने स्वॅबचं नवं पाकीट फोडलं, स्टुलावर बसली आणि आपल्याच उजव्या बुटाच्या तळाच्या खाचांतून कापसाचं टोक सावकाश फिरवलं.