कुंदनच्या नावाचा रोट

कानबाईच्या सणाला, नैवेद्याच्या रोटांसाठी ज्योती घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढत होती. सासऱ्यांचे झाले, नवऱ्याचे झाले, आणि सवयीने थोरल्या पोराचे, कुंदनचेही निघाले.

"माय, दादा ते नही शे ना आते," धाकटी नूतन म्हणाली.

कुंदनचा पुढचा दात पडला होता. नवा यायच्या आतच पोर गेलं.

ज्योतीने ते गहू पोत्यात परत टाकले.

रविवारी नैवेद्यासाठी टोपलीवरचं फडकं उचललं, तर तळाशी एक रोट जास्तीचा निघाला. लहानसा, कडेला एक घास घेतलेला. तिने नूतनला तोंड उघडायला लावलं. दात ओळीने जागच्या जागी होते.

घासाच्या मधोमध एका दाताएवढा रोट तेवढा शाबूत होता.

ज्योतीने फडकं हळूच परत टाकलं आणि शेजारी दुधाची वाटी ठेवली.