पडद्यावरची ऊब

२०५८ साली सरकारने ठरवलं की यंत्र आणि संगणकातला आराखडा यांत फरक पडला, तर आराखडाच खरा. तेव्हा साखर कारखान्याच्या बॉयलरवरून शेजारच्या प्रसूतिगृहाला ऊब मिळे. ऊस बारा महिने गाळला जात नाही, हे पूर्वी शाळकरी पोरांनाही ठाऊक असे. इंजिनीअर निनाद राजाध्यक्षाने मात्र आराखड्यात गळीत हंगाम वर्षभराचा भरला होता. श्रावणात साठवलेलं चिपाड संपलं आणि बॉयलर विझला.

"साहेब, काचेची पेटी गार पडलीय. आत दीड किलोचं बाळ आहे," प्रसूतिगृहातल्या परिचारिका लीलाबाई निनादला म्हणाल्या.

"चौतीस अंश आहे, बाई. पडद्यावर बघा."

"पेटीला हात लावून बघ की, मेल्या!"

"हाताला प्रमाणपत्र आहे का?"

लीलाबाईंनी बाळ उचलून त्याच्या आईच्या उघड्या छातीशी धरलं आणि दोघींभोवती घोंगडी गुंडाळली. मुलगी वाचली.

अनधिकृत उष्णता वापरली म्हणून लीलाबाईंची नोकरी गेली. ती मुलगी, चंद्रभागा, आता कुस्त्या मारते. निनाद सरकारचा सल्लागार झाला. पावसाळ्यात तो गार पाण्याने अंघोळ करतो आणि न्हाणीतल्या पडद्यावरचा आकडा बघून कुडकुडत बायकोला सांगतो, "आज पाणी फार कढत होतं."