करंगळीची खपची

बोरगावच्या कारखान्यात लेझरनं धातूची पूड वितळवून मोडल्या बोटांना बांधायच्या खपच्या छापत. कशीही वाकवा, गरम पाण्यात खपची सरळ व्हायची. नमुने कामगारांच्याच बोटांच्या मापाचे.

ऋषिकेशच्या करंगळीची खपची मात्र पाण्यात पडली की डावीकडे वळायची. वृषालीनं कॉम्प्युटरवर आकृती पुन्हा पाहिली. सरळच होती.

"पूड खराब असन," ऋषिकेश म्हणाला, अन् पांढुर्ण्याच्या गोटमारीला, दगडफेकीच्या जत्रेला गेला.

परतला तो दगडानं करंगळी मोडून. बोट डावीकडे वळलेलं. ती वाकडी खपची त्याला चपखल बसली.

"काहीच समजून नाही राहिलं," वृषाली पुटपुटली. तिच्या बोटाची खपची अजून कोरडीच होती.

न राहवून तिनं ती पाण्यात सोडली. खपची वळली नाही. बघता बघता अर्धी झाली.