बारा सेलचं पाकीट

"इसरलास व्हय?" हंबीररावांनी विचारलं.

सौमित्रने पिशवी पुन्हा उलटी केली. लॅपटॉप होता, वायर होती, सांगलीचं भडंग होतं. सेलचं पाकीट तेवढं नव्हतं. एकवीस दिवाळ्या न चुकता आणलं, आणि नेमकं आज, खरी गरज होती तेव्हा, घरी टीपॉयवर राहिलं. आता बोला! पाडव्याची दुपार, वडूजमधली दुकानं बंद.

"असू दे रं," हंबीरराव म्हणाले. "एक साल न्हाई आणलंस तर काय बिघडलं?"

बिघडलं होतं ते कधीच. फक्त ते या निवृत्त सुभेदारांना माहीत नव्हतं.

यशराज हा त्यांचा धाकटा मुलगा. सांगलीला इंजिनिअरिंगला तो आणि सौमित्र एका खोलीत राहायचे. दोघांनी मिळून पुण्याच्या जुन्या बाजारातून एक तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला होता. काचेवर काडी टेकवून चालायचा. कॉलेजात अभ्यास सोडून दोघं त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहीत बसायचे. आधी सांगली-वडूज एसट्यांचं वेळापत्रक केलं. मग 'ऊसगाडी' नावाचा गेम. ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, खड्डे चुकवत कारखाना गाठायचा. ट्रॉली उलटली की पडद्यावर यायचं, 'ताट गार व्हाय लागलं, उठा!' सुट्टीत दोघं वडूजला त्या यंत्राला चिकटून बसले, की यशराजची आई हरणाबाई स्वयंपाकघरातून असंच ओरडायची. काय दिवस होते ते!

गेमची दुसरी प्रत कुठेच नव्हती. यशराजला वाटायचं सौमित्रने ठेवलीय, सौमित्रला वाटायचं यशराजने. हौशी प्रोग्रॅमरांची जातच तशी.

जून २००४ मध्ये यशराज मोटारसायकलच्या अपघातात गेला.

तेराव्याच्या दिवशी हरणाबाई म्हणाल्या, "यशाचा खेळ दाव की रं मला."

यंत्रातले सेल संपत आले होते. सौमित्रने जुने काढले. नवे घालताना एक सेल निसटला आणि घरंगळत खाटेखाली गेला. शेवटी हरणाबाईंनीच वाकून काढून दिला. तोवर उशीर झाला होता. त्या यंत्राची खोड अशी, की सेल काढून मिनिटभर गेलं की आतलं सगळं साफ. पडदा उजळला तो कोऱ्या यंत्रासारखा. सौमित्रने घाईघाईने तो बंद केला.

"आत्ता नको काकू, बॅटरी कमी आहे," तो म्हणाला. "नुसतं जपून ठेवा. दर दोन महिन्यांनी सेल बदलायचे, मिनिटाच्या आत. नाहीतर आतलं पुसलं जातं. सेल मी आणून देत जाईन."

हरणाबाईंनी एकदा खाटेखाली बघितलं, एकदा त्याच्याकडे. म्हणाल्या, "बरं. जेवून जा."

तेव्हापासून दर दिवाळीला बारा सेलचं पाकीट घेऊन सौमित्र वडूजला. टाळेबंदीच्या वर्षीसुद्धा आला. मधे फोन व्हायचा.

"काका, सेल बदलले का?"

"व्हय तर. घड्याळ लावून. चाळीस सेकंदात."

फोन ठेवला की सौमित्रला स्वतःची लाज वाटायची. एक म्हातारा फौजी घड्याळ लावून रिकामा डबा राखत होता, तोही याच्या एका खोट्यापायी. कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण मग त्या घरात कुठल्या तोंडाने जायचं? आईवडील गेल्यापासून जायला तेवढंच घर उरलं होतं.

यंदा घोटाळा झाला तो ओवीमुळे. यशराजच्या बहिणीची ही मुलगी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला. तिने हट्टच धरला, मामाचा गेम बघायचा म्हणजे बघायचा. हंबीररावांचा फोन आला, "तुला जमंल का बघ. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ दे, लय जिवाला लावून घेऊ नगंस."

सौमित्रने तीन आठवडे खपून आठवेल तशी 'ऊसगाडी' पुन्हा लिहिली. अगदी शेवटच्या त्या ओळीसकट. लिहिताना दोनदा रडला. आज ती गुपचूप यंत्रात भरायची, की खोट्याचं खरं होणार होतं.

"आधी नीट चालतंय का बघतो," म्हणत त्याने देवघरातून यंत्र उचललं आणि आतल्या खोलीत गेला. झाकणावर खंडेनवमीचं हळदीकुंकू अजून होतं.

पण जुन्या सेलवर गेम भरणं धोक्याचं. अर्ध्यात बंद पडलं तर संपलंच. त्याने दारातून हळूच हाक मारली, "ओवी, गेल्या वर्षीच्या पाकिटातले दोन सेल उरले असतील बघ."

"आजोबांच्या ट्रंकेत आहेत, मामा. ती कोपऱ्यातली. आम्हाला कुणाला हात लावू देत नाहीत," ओवी दारातून बोट दाखवत म्हणाली आणि बाहेर गेली.

काळी फौजी ट्रंक. सौमित्रने कडी काढून झाकण उचललं.

आत पाकिटं होती. ओळीने, शिस्तीत रचलेली. प्रत्येकावर हंबीररावांच्या अक्षरात 'सौमित्र' आणि खाली साल. त्याने वरचं उचललं. फोडलेलं नव्हतं. त्याखालचंही नाही. भराभर सगळी काढली. एकवीस भरली, एकालाही नख लागलेलं नव्हतं. तळाच्या पाकिटाचा पुठ्ठा पिवळा पडला होता. 'सौमित्र, दिवाळी २००४.' बाराच्या बारा सेल जागेवर.

त्याने यंत्र उलटं करून मागचं झाकण सरकवलं. आत एकही सेल नव्हता.

स्वयंपाकघरातून हरणाबाईंची हाक आली, "सौमित्र, ताट गार व्हाय लागलं, उठा! आन् फुडच्या दिवाळीला सेल इसरू नगंस, बाळा."