मोठ्यानं

पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची नुकतीच बदललेली चादर पुन्हा भिजली. त्यांच्यासाठी नोकरी सोडल्यापासून रुचिरा बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर स्वतःशीच पुटपुटायची, “होईल गं, धीर धर.” आज मात्र ओली चादर ओढताना तिच्या तोंडून निघालं, “मर ना एकदाची!” स्वतःचाच आवाज कानावर पडला आणि ती गारठली. सासूबाईंनी डोळे उघडले. “मी पण रोज देवाक ह्याच सांगतंय गो,” त्या अडखळत म्हणाल्या. “आई, तुम्हाला नव्हतं म्हणायचं…” बोलता बोलताच रुचिराला उमगलं आणि हुंदका फुटला. “मी मलाच म्हणत होते.” सासूबाईंनी चालता हात तिच्या डोक्यावर ठेवला. “सुबोधाक सांग ह्या. आताच.” तिनं नवऱ्याला फोन लावला. “मीटिंगमध्ये आहे गं, नंतर बोलू?” सुबोध म्हणाला. “नाही रे,” ती म्हणाली, “आत्ताच ऐक. मला मरावंसं वाटतंय.”