लोखंडी पत्ती

इचोड्यातल्या गॅरेजात वनमाला व्हॅनच्या इंजिनाचं हेड साफ करत होती. जुनं पॅकिंग रॉकेलनं भिजवून ती लाकडी पट्टीनं हळूहळू सोडवत होती. व्हॅनचे मालक हेमचंद्रराव वैतागले.

"लोखंडी पत्ती मारा ना. काऊन लाकूड घासून राह्यल्या?"

"अॅल्युमिनियम हाय. चरा पडला का तिथूनच पाणी गळते."

"तुमी राहू द्या, बाई. तुमच्या मालकायले येऊ द्या. मिस्त्री ते हायेत."

तिनं हेड उजेडात धरलं आणि एका चऱ्यावर नख ठेवलं. "मागच्या खेपेले त्यायनंच पत्ती मारली. म्हणून तर गाडी परत आली."

"मंग आता कुठं हायेत ते?"

वनमालानं पट्टी पुन्हा उचलली.

"घरी भाकरी करून राह्यले. तिथं लोखंडी उलथनं चालते."