काजव्याचा बिल्ला

क्रिप्टोवाल्यांच्या मेळाव्यात कुणी कुणाला खऱ्या नावाने ओळखत नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर ऑनलाइन टोपणनावच असतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या गळ्यात ‘काजवा’ होता. बिल्ला त्याच्या मुलाचा. मुलगा जाऊन तीन महिने झाले, आणि त्याने आधीच नोंदवून ठेवलेला हा बिल्ला परवा टपालाने घरी आला.

“भाषणं नंतरही ऐकता येतील. चहाच्या सुट्टीत अनोळखी माणसांशी बोला, खरी कमाई तीच!” मंचावरून कुणीतरी सांगितलं, आणि म्हाताऱ्याभोवती माणसं गोळाच झाली.

“काजवा, तुम्ही! तुम्ही अडवलं नसतंत तर त्या भामट्याला सगळं देऊन बसले असते मी.”

“माझा पासवर्ड हरवला, तेव्हा आठवडाभर धीर दिलात.”

म्हाताऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काचेतून पिवळं ऊन आत येत होतं, चहाची वाफ त्यात तरंगत होती, आणि दिवसभर दार लावून बसणारा आपला पोरगा या सगळ्यांच्या घरी जाऊन आलाय, असं त्याला वाटत राहिलं.

“तुम्ही वयस्कर असणार हे वाटलंच होतं,” एक मुलगी म्हणाली. “एकच गोष्ट दहादा समजवायचात, पण कधी चिडला नाहीत. बाबांना घड्याळ उघडताना बघून हे शिकलो, असं एकदा लिहिलं होतंत. बाबांना कधी सांगितलंत का हे?”

म्हाताऱ्याने बिल्ल्यावर तळहात ठेवला.

“आत्ताच सांगितलं.”